मेश्रामांचं मशीन सिएरा लिओनला जातं

ज्या दिवशी कंपनीने बर्फाचं जुनं मशीन भंगारात काढायचं ठरवलं, त्या दिवशी अश्वजित मेश्राम दुपारी जेवले नाहीत. डबा तसाच घरी परत आला. ज्योत्स्नाबाईंनी झाकण उघडून आत बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि कोण गेलं असं विचारलं.

"मशीन," मेश्राम म्हणाले.

बहारीनच्या मीना सलमान बंदरावरच्या त्या कोल्ड स्टोअरेजमध्ये मेश्राम एकोणीस वर्षं टेक्निशियन होते. एवढ्या काळात चार मॅनेजर बदलले, कंपनीचं नाव दोनदा बदललं, पण बर्फाच्या लाद्या पाडणारं ते हिरवं मशीन आणि मेश्राम जागेवरच होते. कंप्रेसर खोकला की मेश्रामांना बुसैतीनच्या घरात ठसका लागतो, असं लोक म्हणत. यात अतिशयोक्ती असेल, पण फार नाही. आता कंपनीने नवं चिनी मशीन मागवलं होतं. त्यातून बर्फाचे तुकडे नाण्यांसारखे खुळखुळत पडत. मेश्रामांच्या मते तो बर्फ नव्हताच, ती चिल्लर होती.

आणि त्याच आठवड्यात खदिजाचा व्हॉइस मेसेज आला.

खदिजा ही सिएरा लिओनची. सहा वर्षं ती कंपनीच्या पॅकिंग विभागात निळा एप्रन बांधून कोळंबी निवडत होती. चार वर्षांपूर्वी ती आपल्या गावी, कांबो नावाच्या मच्छीमारांच्या गावात परत गेली आणि मासळीच्या धंद्यात पडली. मेश्रामांशी तिचं जमायचं, कारण भातावाचून दोघांचंही पोट भरत नसे. मेश्राम भंडारा जिल्ह्यातले. तिकडे भात नसेल तर माणूस जेवला असं धरत नाहीत. खदिजाच्या देशातही तोच कायदा.

"मिस्टर मेश," मेसेजमध्ये ती म्हणत होती, "आमच्याकडे मासा आहे, बोटी आहेत, बर्फ नाही. दुपारपर्यंत विकला तर मासा, नाहीतर धुरावर वाळवून निम्म्या भावात. गावात पूर्वी बर्फाचा कारखाना होता, तो लढाईत जाळला. चौथरा अजून आहे. तुमच्या ओळखीचं एखादं जुनं मशीन आहे का? अर्धं माझं, अर्धं तुमचं."

मेश्रामांनी तो मेसेज तीनदा ऐकला आणि जेवायला बसले.

नागपूरला फ्लॅट घ्यायचा म्हणून दोघांनी जे साठवलं होतं, त्यातलं थोडं या कामी घालायचं होतं. ज्योत्स्नाबाई एका दवाखान्यात रिसेप्शनवर होत्या. रोज शंभर माणसांचे चेहरे वाचायची सवय असल्यामुळे त्यांना नवऱ्याचा चेहरा वाचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "हे पाहा जी, मशीन बुडालं तरी चालंल. तुमी मात्र वापस या."

परवानगी मिळाली, आणि इथून पुढे सगळं बिघडत गेलं.

पहिले बिघडले ते रावजी. रावजी खालच्या मजल्यावर राहत. मूळ रत्नागिरीकडचे, शाळेची बस चालवत, आणि जगातल्या कुठल्याही देशाबद्दल त्यांना माहिती असे, विशेषतः जिथे ते गेलेले नसत अशा देशाबद्दल. ते संध्याकाळी वर आले ते मोबाइल पुढे धरूनच.

"मेश्राम, हे बघा. बंदुका बघा. आणि हे पोरगं बघा, ह्याच्या खांद्यावर काय आहे बघा!"

त्यांच्या व्हिडिओत धूर होता, गोळीबार होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून नीलम आली. ही मेश्रामांची पंधरा वर्षांची मुलगी. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीतच येई.

"अंकल, द वॉर एंडेड इन टू थाउजंड अँड टू," ती म्हणाली. "युअर व्हिडिओ इज ओल्डर दॅन मी."

रावजींनी मोबाइल खिशात घातला, पण मत खिशात घातलं नाही. त्यांनी मेश्रामांना पट्ट्याच्या आतून शिवलेला चोरकप्पा, पोलिसांची शिट्टी आणि साप चावल्यावर लावायचं एक कोकणातलं मूळ आणून दिलं. मूळ कुठे लावायचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "चावेल तिथे."

मग पीतज्वराची लस. त्या देशात जायचं तर ही लस टोचल्याचं पिवळं कार्ड लागतं, आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं. मेश्रामांनी लस टोचून घेतली, दोन दिवस ताप काढला, आणि तिसऱ्या दिवशी कार्ड नीट वाचलं. त्यावर नाव होतं, अश्वजित मशरूम.

लसीच्या खिडकीवरचा माणूस भला होता. त्याने लगेच नवं कार्ड लिहून दिलं. फक्त त्यावर तारीख त्या दिवसाची घातली. म्हणजे दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून. लस तीच, दंड तोच, ताप येऊन गेलेला, मग तारीख नवी कशी, असं मेश्रामांनी विचारलं.

"कार्ड नवीन आहे ना," तो म्हणाला.

दहा दिवस मेश्राम आपला दंड चोळत घरात फिरत राहिले. एकट्या मशरूमला मात्र केव्हाच जाता आलं असतं.

मशीनची कथा त्याहून अवघड. कंपनीच्या कागदावर ते 'भंगार' होतं, कारण भंगार म्हणूनच ते मेश्रामांना मिळालं. पण परदेशी पाठवायचं तर ते चालू आहे असा दाखला हवा. चालू असल्याचा दाखला दाखवला, तर चालू मशीन भंगारात कसं काढलं, हा प्रश्न. मेश्राम पाच खिडक्या फिरले. सीपीआर कार्डाच्या, म्हणजे बहारीनच्या ओळखपत्राच्या, झेरॉक्स काढून काढून त्या कार्डावरचा फोटोच फिकट पडला, असं त्यांना वाटू लागलं. शेवटी ताहिर नावाच्या एका माल पाठवणाऱ्या एजंटाने हा गुंता सोडवला. त्याने कागदावर लिहिलं, 'सध्या बंद, परंतु इच्छा असल्यास चालू.' कुठल्याशा साहेबाला हे पटलं आणि त्याने शिक्का मारला. एकोणीस वर्षांत त्या मशीनचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं, असं मेश्रामांचं मत झालं. हे वर्णन आपल्यालाही लागू पडतं असंही त्यांना वाटलं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

"मफी मुश्किल, काही अडचण नाही, मेश्रामभाई," ताहिर म्हणाला. "मशीन, साचे, सगळं मी स्वतः उभं राहून कंटेनरमध्ये चढवतो."

मशीन समुद्रातून पुढे गेलं. काही आठवड्यांनी एकवीस दिवसांची लीव्ह घेऊन मेश्राम विमानाने गेले.

तिथल्या विमानतळावर पासपोर्ट बघणारा अधिकारी हसून म्हणाला, "हाउ दि बॉडी?"

मेश्राम चपापले. बॉडीची चौकशी? हा आरोग्य तपासणीचा भाग असणार. पिवळं कार्ड काढून ते गंभीरपणे सांगू लागले, शुगर आहे, पण गोळीने ताब्यात आहे. डावा गुडघा जिने चढताना धरतो. लस मात्र पूर्ण, तारीख नवीन. अधिकाऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रांगेतल्या मागच्या दोन बायांनीही ऐकलं. त्यातल्या एकीने "सॉरी, पा" म्हणून त्यांची बॅग स्वतःच उचलली आणि बाहेरपर्यंत आणून दिली.

ही त्या देशात 'कसं काय, बरं आहे ना' म्हणायची रीत, आणि उत्तर फक्त 'टेल गॉड टेंकी', म्हणजे देवाची कृपा, एवढंच द्यायचं, हे खदिजाने त्यांना नंतर सांगितलं. सांगताना ती इतकी हसली की तिला बोटीच्या धक्क्यावरच बसावं लागलं. कारण विमानतळ खाडीच्या एका तीरावर, राजधानी दुसऱ्या, आणि मधे बोट. चोरकप्प्याला पाणी लागू नये म्हणून मेश्राम ती सगळी खाडी एका हाताने पट्टा वर धरून पार झाले. हा कुठल्या पंथाचा नमस्कार, असं एका सहप्रवाशाने आदराने विचारलं.

पण खदिजाला बघून ते खरे चकित झाले. निळ्या एप्रनमधली, मान खाली घालून कोळंबी निवडणारी बाई त्यांच्या डोक्यात होती. ही पिवळ्याधमक झग्यातली बाई जीपमधून उतरली की वाटेतले लोक उठून उभे राहत. कांबोमध्ये तिला सगळे मम्मी खदिजा म्हणत. तिने साठ मासळीवाल्या बायांचा गट बांधला होता. चौथऱ्यावर नवं छप्पर चढलं होतं, पाण्याची टाकी बसली होती, जनरेटर आला होता. मेश्राम वहीत बाराकलमी योजना लिहून घेऊन गेले होते. त्यातली नऊ कलमं झालेली निघाली आणि दहावं चुकीचं.

छपराच्या मागे जुन्या कारखान्याची एक भिंत उभी होती, काळी पडलेली. मेश्राम तिच्याकडे बघत राहिले.

"तेव्हा मी नऊ वर्षांची होते," खदिजा म्हणाली. "आई, मी आणि धाकटा भाऊ खाडीच्या झाडीत लपलो. अकरा दिवस. भाऊ राहिला नाही."

मेश्रामांनी विचारलं, "मग?"

"मग परत आलो. भात लावायचे दिवस होते."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, आणि छपराला अजून चार पत्रे लागतील असंही त्याच आवाजात सांगितलं. मेश्राम त्या रात्री भात आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी जेवले आणि दोनदा मागून घेतली. पट्ट्याचा चोरकप्पा त्यांनी काढून बॅगेत टाकला. शिट्टी शेजारच्या शाळेतल्या खेळाच्या मास्तरांना दिली.

कंटेनर सहाव्या दिवशी आला. अर्धं गाव जमलं. मशीन निघालं, कंप्रेसर निघाला, टाकी निघाली. मग साच्यांच्या पेट्या उघडल्या. लादीचा बर्फ करायचा तर पत्र्याचे उंच साचे लागतात. त्यात गोडं पाणी भरायचं आणि ते थंडगार खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवायचे. असे एकशेवीस साचे त्या पेट्यांत असायला हवे होते.

पेट्यांत खुर्च्या होत्या. सोनेरी पाठीच्या, लाल मखमली गादीच्या, लग्नाच्या हॉलमधल्या दोनशे खुर्च्या.

मेश्रामांनी ताहिरला फोन लावला. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मेश्रामभाई," ताहिर शेवटी म्हणाला, "तरीच! इथल्या झल्लाकच्या हॉटेलवाल्यांकडे काल लग्न होतं, त्यांच्याकडे एकशेवीस पत्र्याचे डबे पोचले. पाहुणे उभे होते हो!"

मेश्राम एका लाल मखमली खुर्चीवर बसले. भंडाऱ्यात, बहारीनमध्ये किंवा वाटेत कुठेही इतक्या भारी खुर्चीवर ते बसले नव्हते आणि आपण इतके हलक्या किमतीचे आहोत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ज्योत्स्नाचा फ्लॅट, एकोणीस वर्षांची अब्रू, रावजीचं 'तरी मी सांगत होतो', सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. साचे परत मागवायचे तर दीड महिना. लीव्ह उरली पंधरा दिवस.

खदिजाने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. ती बहारीनमध्ये शिकलेल्या अरबीत बोलू लागली. मेश्रामांना त्यातलं 'खलास', 'इंशाल्ला' आणि मधूनमधून 'हराम' एवढंच कळलं. दहा मिनिटांनी तिने फोन ठेवला.

"खुर्च्या आपल्याकडे राहतील. चूक त्याची, हॉटेलला तो भरून देईल. आपण साचे सोडून दिले."

"पण साच्यांशिवाय बर्फ कसा करायचा?"

"बर्फ नंतर. शनिवारी गावात लग्न आहे," खदिजा म्हणाली.

त्या शनिवारी लग्नाला खुर्च्या भाड्याने गेल्या. रविवारी पलीकडच्या गावात बारशाला. सोमवारी शाळेच्या पालकसभेला, जिथे म्हणे इतिहासात पहिल्यांदा सगळे पालक हजर राहिले आणि कुणी उठायला तयार होईना. त्या भाड्यातून खदिजाने जस्ताचे पत्रे आणले आणि गावातल्या लोहाराला साच्यांच्या कामाला बसवलं. मेश्रामांची आफ्रिकेतली पहिली कमाई अशी बर्फावर नव्हे, बुडावर झाली.

इथे कथेत पा साँटिगी येतात. 'पा' म्हणजे तिकडे वडीलधाऱ्या माणसाला मान देऊन म्हणतात ते. वय अठ्ठ्याहत्तर. जाळलेल्या कारखान्यात ते मिस्त्री होते. रोज सकाळी ते येत, एक सोनेरी खुर्ची ओढून मशीनसमोर बसत, आणि मेश्रामांची परीक्षा घेत. ही नळी इकडून का? हा वॉल्व्ह किती वर्षांचा? तेल कुठलं घालता? एकोणीस वर्षांत मेश्रामांना त्यांच्या मशीनबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, 'कधी सुरू होणार' एवढा सोडून. सुरुवातीला त्यांना राग आला. तिसऱ्या दिवशी पा यायला उशीर झाला तर ते दाराकडे बघू लागले.

भांडण मिठावरून झालं. टाकीत किती मीठ घालायचं याचा मेश्रामांचा आकडा पाठ होता. पा साँटिगींनी मूठभर मीठ उचललं, चुरगाळलं आणि मान हलवली. "मोअर," ते म्हणाले.

"नो मोअर. नाइन्टीन इयर्स," मेश्राम छातीवर हात ठेवून म्हणाले.

"थर्टी वन," पा स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले.

मेश्रामांनी ऐकलं नाही. दीड दिवस मशीन चाललं. साचा उलटा केला तर त्यातून कवच असलेला गारढोण लगदा बाहेर आला आणि मेश्रामांच्या बुटांवर पडला. साठ मासळीवाल्या बघत होत्या. एकही हसली नाही, हेच त्यांना फार लागलं. मग पा उठले, मेश्रामांची मूठ उघडून त्यांनी तिच्यात मीठ ठेवलं आणि दाबलं. तळहात ओला झाला. मीठ दमट होतं. वजनात निम्मं पाणीच होतं.

मेश्रामांनी टोपी काढली. "यू आर राइट, पा," ते म्हणाले, आणि स्वतः दोन पोती ओतली.

पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी पहिली लादी निघाली. सरळ, स्वच्छ, मधे पांढरी रेघ. पा साँटिगींनी दोन्ही तळहात तिच्यावर टेकवले आणि बराच वेळ काढले नाहीत. खदिजा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मेश्रामांनी चष्मा पुसला, कारण बर्फाच्या वाफेने तो धुरकटला होता. निदान त्यांनी तसं सांगितलं.

गुरुवारी पहाटे सात बोटी पोटात बर्फ घेऊन समुद्रात गेल्या. रोज त्या दुपारी परत येत. दुपार झाली, आल्या नाहीत. चार वाजले, पाच वाजले. मेश्राम किनाऱ्यावर येरझारा घालू लागले. बर्फ जास्त भरला का? वजनाने बुडाल्या का? सात बोटी, चाळीसेक माणसं. हे आपण काय केलं! सूर्य कलला तेव्हा ते धावतच खदिजाकडे गेले. गुडघा दुखायचा विसरला होता.

खदिजा भात चाळत होती. "बर्फ आहे ना त्यांच्याकडे," ती म्हणाली. "पूर्वी मासा सडायच्या आत पळत यावं लागायचं. आता कशाला घाई करतील? लांब गेले असतील, मोठ्या माशाला. उद्या येतील."

बोलणं पटण्यासारखं होतं. पण मेश्रामांना झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी जीप दारात उभी राहिली, विमान संध्याकाळचं होतं. मेश्रामांनी बॅग जीपमध्ये ठेवली, समुद्राकडे बघितलं, आणि बॅग काढून घेतली.

"मिस्टर मेश, विमान जाईल!"

"जाऊ द्या," मेश्राम म्हणाले, आणि किनाऱ्यावर पा साँटिगींच्या शेजारी जाऊन बसले.

दुपारी अडीचला पहिली बोट दिसली, मग दुसरी. पा बोटांवर मोजत होते, मेश्राम भंडाऱ्याच्या मराठीत मोजत होते. सात. बोटी पाण्यात खोल बसल्या होत्या, त्या माशांनी. कमरेएवढे लाल मासे, डोळे काचेसारखे लख्ख, जणू आत्ताच पाण्यातून काढले. बायांनी पाण्यात धाव घेतली. कुणीतरी मेश्रामांना ओढून नेलं, आणि भंडारा जिल्ह्यातला तो पन्नाशीचा माणूस बुटांसकट कमरेएवढ्या समुद्रात उभा राहून टोपल्या वाहू लागला.

पुढचं विमान पाच दिवसांनी होतं. ज्योत्स्नाबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मासे खाल्ले ना पोटभर?" रावजी मात्र बुसैतीनभर सांगत होते की मेश्रामांना तिकडे धरून ठेवलंय, आणि ते खोटं होतं असंही म्हणता येणार नाही.

परत आल्यावर मेश्राम कंपनीत हजर झाले तेव्हा एचआरच्या कस्तुरी मॅडमनी त्यांच्यापुढे फॉर्म सरकवला. लीव्ह पाच दिवस जादा, बिनपगारी, वर लेखी समज. कारणाच्या रकान्यात आजारपण किंवा घरात मृत्यू लिहिलं तर समज टळते, हे त्यांनी माणुसकीने सुचवलं. मेश्रामांनी पेन घेतलं आणि खरं तेच लिहिलं.

कस्तुरी मॅडमनी वाचलं, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं.

"'बोटी परत आल्या नव्हत्या'? मेश्राम, कोणाच्या बोटी?"

मेश्राम जरा ताठ बसले.

"आमच्या," ते म्हणाले.